एकेकटे हातमोजे

माझ्या बुटाचा नंबर सात,
जन्मसाल एकोणसत्तर,
आणि आकडा त्र्याहत्तर.
हा मी विकत आणला नाही, मापाचा आहे का तेही पाहिलं नाही,
आयुष्यभर घातला मात्र.

दिला तो रेजायनाहून आलेल्या एका बाईनं,
शाळेच्या मागच्या खोलीत, गुंडाळलेल्या नकाशांच्या शेजारी.
मी नऊ वर्षांची. बाहेर उणे तीस.
तिच्याजवळ लाकडी ठोकळे होते
आणि एक घड्याळ, ज्याचं तोंड तिच्याकडेच असायचं.
तिनं विचारलं,
बूट आणि हातमोजा, दोघांत सारखं काय?
मी म्हटलं, हरवताना दोन्ही एकेकटे हरवतात.
तिनं पेन्सिलीनं काहीतरी लहान, गोल लिहिलं.
शून्य कसं दिसतं, एवढं मला येत होतं.

बाबांनी कागद वाचला, घडी घातली, ब्रेडच्या डब्याखाली सारला.
आई म्हणाली, पेरोगी वळायला आकडे लागत नाहीत,
आणि मला परातीपाशी उभं केलं.
अजूनही मी तसंच मोजते, बारा, आणि बारा, आणि बारा,
उरलेलं कणकेत परत.

फॉर्म मला कळत नाहीत.
विनोद कळतो, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर,
मग मी एकटीच हसते
आणि लोक त्याला हसतात.

पण वृद्धाश्रमाच्या लॉन्ड्रीत अठ्ठावीस वर्षं काढली.
मकॅलिस्टर उजवीकडून लुळे, त्यांचा डावाच मोजा विरायचा.
खोली नऊच्या चादरीला भीतीचा वास यायचा, तापाचा नव्हे,
नर्सला मी सांगायचे, ती मान डोलवायची, कधी खरोखर जायची.
एकेकट्या मोज्यांची एक पेटी होती,
त्यातला एकही मी माणूस असेतो फेकला नाही.
काही तर नंतरही नाही.

मग धुणं सस्कटूनच्या कंपनीकडे गेलं. ट्रक येतो, ट्रक जातो.
सरकारी खिडकीवर म्हणाले, सत्तर किंवा खाली असाल
तर दरमहा काही मिळेल. पण परीक्षा नवी द्या.
मावसभाऊ लॉर्न गाडीत म्हणाला,
डोरीन, एका सकाळीपुरती जरा कमी शहाणी हो.
हे मला
आजवर कुणी सांगितलं नव्हतं!
वाटेभर मी खिडकीत बघून हसत होते.

परीक्षा घेणारा पोरगा भला. पाणी दिलं, खुर्ची पुढे ओढली.
ठोकळे आता रंगीत झालेत.
मी ते लॉर्ननं सांगितल्यासारखे मांडले, म्हणजे
मला मांडता येतात तसेच.
आणि मग त्यानं विचारलं,
बूट आणि हातमोजा?

पंचेचाळीस वर्षं.
ते उत्तर मी धुतलं होतं, वाळवलं होतं,
घडी घालून अगदी वरच ठेवलं होतं.
कपडे, मी म्हटलं. अंगावर घालायच्या वस्तू.
छान, तो म्हणाला, आणि बोट काचेवर टेकवलं,
आणि मग त्याचं तोंड उतरलं.
तोही बेरीज करत होता.

एक्काहत्तर.
मदतीला जास्त, कामाला कमी,
धड इकडची ना तिकडची.

लॉर्न स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला.
एक प्रश्न, डोरीन. एकच चुकवायचा होता.
मी म्हटलं, तो माझा चुकवून झाला होता.

को-ऑपच्या कुंपणाला, एका खिळ्यावर,
कुणीतरी सापडलेला लाल हातमोजा अडकवला होता, पोराचा,
तोंड वर, आत भुरभुर बर्फ.
थांब, मी म्हटलं.
उतरले, झटकला, उलटा केला, तोंड खाली करून पुन्हा लावला.
लॉर्ननं हॉर्न वाजवला नाही.